पोचपावती

पोस्टकार्डाहून जेमतेम अर्धा इंच उंच आणि तेवढीच रुंद. निळं कव्हर, झिजून गोल झालेले कोपरे, पाठीवर यलोस्टोनच्या पावसानं उमटवलेला एक फिकट डाग. गाडीच्या कप्प्यात ती नकाशांच्या वर असते, खाली कधीच नाही. छापील नाव लांबलचक आहे, ‘पासपोर्ट टू युवर नॅशनल पार्क्स’. आमच्या न्यू जर्सीच्या घरात ती नुसती ‘वही’. ‘वही घेतली का?’ हे आधी विचारलं जातं, घराची किल्ली त्यानंतर आठवते.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या दुकानांत ही वही 1986 पासून मिळते. आत देशाचे नऊ विभाग, प्रत्येक विभागाला आपला रंग, आणि मग कोरी पानं. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ठिकाणी गेलं की व्हिजिटर सेंटरच्या एका कडेला छोटं टेबल असतं. त्यावर शाईची पॅड आणि तारखेचा गोल शिक्का. वर ठिकाणाचं नाव, मध्ये तारीख, खाली गाव आणि राज्य. शिक्का आपला आपणच मारायचा.

अशी ठिकाणं सध्या 433 आहेत. त्यांतली अस्वलांची, धबधब्यांची, फोटोंत दिसणारी मोठी राष्ट्रीय उद्यानं फक्त 63. बाकी सगळी रणांगणं, शाळा, किल्ले, समुद्रकिनारे, कुणाकुणाची राहती घरं. हे मला वहीनंच शिकवलं. तिच्यातला पहिला शिक्का 2012 सालचा, वेस्ट ऑरेंजमधल्या एडिसनच्या प्रयोगशाळेचा, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. ग्रंथालयाच्या एका कोनाड्यात एडिसनची साधी खाट अजून तशीच आहे. काम करता करता माणूस तिथंच पाठ टेकत असे. राष्ट्रीय उद्यान म्हणून मी त्या खाटेपाशी उभी होते, आणि आसपास एक झाडही नव्हतं. त्या दिवशी ठरवलं, वहीत ज्यांची जागा आहे ती सगळी ठिकाणं बघायची.

वहीचा एक स्वभाव मला फार मोलाचा वाटतो. तिच्याकडे लहानमोठं नाही. अलास्कातलं रँगल-सेंट इलायस हे सर्वांत मोठं उद्यान 1 कोटी 32 लाख एकरांचं, म्हणजे महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याहूनही मोठं. फिलाडेल्फियातलं थॅडियस कोशियुस्को स्मारक सर्वांत लहान, 0.02 एकर. आपल्या भाषेत, पुरता एक गुंठाही नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला हा पोलिश सेनानी तिथं भाड्याच्या खोलीत काही महिने राहिला होता. वहीत दोघांना शिक्का सारख्याच आकाराचा. ग्रँड कॅन्यनलाही तेवढाच.

पण वहीला खरं ओळखलं ते अण्णांनी.

अण्णा, माझे वडील, पोस्टातले. सातारा जिल्ह्यातल्या एका उपडाकघरातून निवृत्त झाले, छत्तीस वर्षं शिक्का मारून. 2014 साली सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. पहिल्या आठवड्यात घरात अवघडलेले असायचे. टीव्ही नको, मॉल नको, शेजारच्या बागेत तीच तीच चक्कर. एका रविवारी आम्ही त्यांना मॉरिसटाउनला नेलं. वॉशिंग्टनच्या सैन्यानं तिथं हिवाळा काढला होता. मी वही उघडून शिक्का उचलला, पॅडवर दाबला, तोच मागून आवाज आला, ‘थांब!’

मी वळले. अण्णांनी हात पुढे केला होता.

‘शिक्का पॅडवर दाबायचा नसतो, टेकवायचा. दाबलास की शाई अक्षरांच्या पोटात शिरते, मग आकड्याचा गोळा होतो.’ खिशातला रुमाल काढून त्यांनी चार पदरी घडी घातली आणि वहीच्या पानाखाली सरकवली. ‘खाली मऊ लागतं. टेबल टणक असलं की कडा उमटते, मधली तारीख उमटत नाही.’ मग चष्मा कपाळावर घेऊन शिक्का डोळ्यांजवळ धरला. ‘आधी तारीख बघायची. आमच्याकडे सकाळी तारीख बदलली की पहिला ठसा वहीत घ्यायचा, मग टपालाला हात लावायचा.’ एका चिठ्ठीवर ठसा घेऊन पाहिला. पटला. मग सरळ खाली, सरळ वर. मनगट हललं नाही. तो शिक्का आजही वहीतला सर्वांत स्वच्छ शिक्का आहे. मॉरिसटाउनचा ‘एम’ कोरल्यासारखा दिसतो.

त्यानंतर अण्णांचा अवघडलेपणा गेला. शनिवार आला की तेच वही काढून ठेवायचे. पेनसिल्व्हेनियातल्या एका ठिकाणी शिक्क्यावर तीन दिवसांपूर्वीची तारीख निघाली. टेबलापाशी दोन लहान मुलं आपापल्या वह्या घेऊन उभी होती. अण्णांनी त्यांना हातानं थांबवलं, शिक्का घेऊन थेट रेंजरबाईंपाशी गेले आणि म्हणाले, ‘मॅडम, डेट.’ बाईंनी बघितलं, आभार मानले आणि पेन्सिलीच्या टोकानं चाक फिरवलं. मग अण्णांनी त्या मुलांच्या वह्यांत शिक्के मारून दिले, रुमालाची घडी खाली घालून. परतताना गाडीत म्हणाले, ‘तारखेचा शिक्का म्हणजे साक्ष असते गं. मनिऑर्डर कधी पोचली, अर्ज मुदतीत आला का, सगळं त्या एका गोलावर ठरतं.’

त्यांनी आणखी एक नियम घालून दिला. तोवर मी आत शिरल्या शिरल्या शिक्का मारून मोकळी व्हायची आणि मग फिरायची. अण्णांना ते मुळीच चालायचं नाही. ‘आधी बघून ये. पाकीट हातात पडल्याशिवाय पोचपावतीवर सही करतात का?’ तेव्हापासून शिक्का शेवटी. काही जण दारातून टेबलापर्यंत येतात, शिक्का मारतात आणि गाडी सुरू ठेवलेली असते तिकडे पळतात. वही त्यांना अडवत नाही. पण मला वाटतं, त्यांच्या हाती पाकीट न घेता केलेली सही राहते.

सप्टेंबरात अटलांटाला गेलो. मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर आणि त्यांचं चर्च तिथं एका परिसरात आहेत. व्हिजिटर सेंटरसमोर महात्मा गांधींचा चालता पुतळा उभा आहे, भारताकडून 1998 साली भेट आलेला. अण्णा बराच वेळ पुतळ्यापाशी थांबले. मग त्यांनीच मला सांगितलं, 1959 मध्ये किंग भारतात आले तेव्हा मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात मुक्कामाला होते. मी मुंबईत चार वर्षं शिकले, मणिभवनावरून कितीदा गेले, आत पाऊल टाकलं नव्हतं. पुढच्या सुट्टीत आधी तिथं गेले.

वही चांगलं तेवढंच दाखवत नाही, हे मला उशिरा कळलं. 2018 मध्ये कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी मॅन्झानारला पोचलो. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या दहा हजारांहून अधिक लोकांना इथं काटेरी तारांमागं कोंडलं होतं. त्यांतले बहुतेक जन्मानं अमेरिकन नागरिक. आता बराकींच्या जागी मोकळं माळरान, धूळ, आणि मागे दफनभूमीत एक पांढरा स्तंभ, कैदेतल्या लोकांनीच 1943 साली उभारलेला. त्याच्या पायथ्याशी लोक कागदाचे क्रौंच पक्षी ठेवून जातात. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर खडे ठेवलेले असतात. मी एकेक खडा बघत राहिले. माझ्या लेकीनं विचारलं, ‘आई, ही माणसं चोर होती का?’ नाही, म्हटलं. त्यांचं आडनाव जपानी होतं, एवढंच.

न्यूयॉर्कच्या ऐन गजबजाटात असंच आणखी एक ठिकाण आहे. 1991 साली सरकारी इमारतीसाठी खोदकाम सुरू झालं आणि खाली आफ्रिकन गुलामांची विसरलेली दफनभूमी लागली. सापडलेल्या 419 जणांचे अवशेष 2003 मध्ये सन्मानानं पुन्हा पुरले. 2006 पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे. त्याचाही शिक्का यलोस्टोनएवढाच. आपला अभिमान आणि आपला अपराध, दोन्ही सारख्याच आकाराच्या गोलात नोंदवायचे, याला मोठं मन लागतं. या देशात राहताना मला अनेक गोष्टी खटकतात. ही मात्र मी मनापासून मानते.

सगळी पानं भरणारे लोक आहेत. मिका मेयर नावाच्या तरुणानं वडिलांच्या आठवणीसाठी सलग तीन वर्षं प्रवास करून तेव्हाची 419 ठिकाणं पाहिली आणि 2019 च्या एप्रिलमध्ये लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर प्रवास संपवला. ओहायोतल्या एका आजींनी पंच्याऐंशीव्या वर्षी नातवाबरोबर सुरुवात केली आणि 2023 मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी, अमेरिकन सामोआत त्रेसष्टावं उद्यान पाहिलं. नर्मदा परिक्रमेला निघालेली माणसं वहीवर गावोगावचे शिक्के घेत चालतात, त्यांच्या जातकुळीचीच ही माणसं.

माझे शिक्के आजमितीला 112. अलास्काची पानं कोरी आहेत. तिथल्या अनियाकचाक या ज्वालामुखीच्या विवराकडे रस्ताच जात नाही. छोट्या विमानानं जावं लागतं आणि हवा साथ देईल तेव्हाच. त्यासाठी आम्ही पैसे साठवतोय. अण्णा आता पंच्याहत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात, पुन्हा येणं अवघड. पण रविवारी रात्री फोन असतो. तब्येतीचं सांगून झालं की मी शिक्क्याचा फोटो पाठवते. ते तो मोठा करून बघतात आणि कळवतात, ‘डावीकडे शाई कमी पडली. रुमाल घेतला नव्हतास.’

अमेरिकेत राहणाऱ्यांना आणि इकडे मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांना माझं एक सांगणं आहे. नायगारा बघा, ग्रँड कॅन्यन बघा. पण तुमच्या मुलांच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर रस्त्याकडेला एखादा तपकिरी फलक असेल, तिथं गाडी वळवायला सांगा. शिक्क्याला पैसे पडत नाहीत. खिशात रुमाल ठेवा, आणि तारीख आधी बघून घ्या.