दुखान आणि दुखणं

मागच्या जानेवारीत बाबा तीन महिन्यांसाठी बहरीनला आले. आई गेल्यानंतरची ही त्यांची पहिलीच खेप. एसटीच्या दापोडी कार्यशाळेत त्यांची पस्तीस वर्षं गेली आणि तिथल्या घणघणाटात कानही बरेचसे गेले. श्रवणयंत्र डबीतच असतं. फ्लॅटमध्ये ते दिवसभर खिडकीशी बसायचे. टीव्ही मोठा लावला की आम्ही येऊन आवाज कमी करायचो. ओरडून बोलायचा कंटाळा म्हणून हळूहळू बोलणंही कमी झालं. आता लिहिताना याची लाज वाटते.

हिवाळ्यात सखीरच्या वाळवंटात तंबू पडतात, हे बहरीनकरांना सांगायला नको. तिकडच्या नातेवाइकांसाठी सांगतो. मनामापासून तीसेक किलोमीटरवर दक्षिणेला हा माळ आहे. फॉर्म्युला वनचं सर्किट इथलंच. 2004 साली तिथे पहिली शर्यत झाली, तेव्हा वाळू ट्रॅकवर उडून येऊ नये म्हणून भोवतीच्या जमिनीवर चिकट द्रव फवारला होता. पलीकडे जेबेल दुखान. उंची 134 मीटर, म्हणजे आपल्या पर्वतीची धाकटी बहीण. पण या देशातलं सर्वांत उंच ठिकाण तेच. त्याच्याच पायथ्याशी 1932 मध्ये तेल लागलं. अरबीत दुखान म्हणजे धूर, असं मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "डोंगराचं दुखान राहू दे, तुझ्या गाडीचं दुखणं काय आहे?"

दुखणं होतंच. आमच्या जुन्या फोर बाय फोरमधून महिनाभर एक चिकचिक येत होती, रातकिडा शिरल्यासारखी. एका गॅरेजने ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, उघडायला सांगितली होती. खर्च सहाशे दिनार. त्यापेक्षा गाडीच विकावी, असं आमचं ठरत आलं होतं. बाबांना हे कुणी सांगितलं नव्हतं आणि आवाज तर त्यांना ऐकूच येत नव्हता. पण येताना त्यांनी तळहात गिअरच्या दांड्यावर ठेवला होता. कानाला न कळलेलं हाताला कळलं होतं.

शुक्रवारी सकाळी मंडळातली चार कुटुंबं चहा घेत असताना बाबांनी माझ्या दहा वर्षांच्या लेकीला हाक मारली. "माझे कान आज तू. चिक झालं की टाळी वाजवायची." बायकोच्या नेलपॉलिशने त्यांनी मागच्या टायरवर एक लाल रेघ ओढली. मला म्हणाले, "माणसाच्या चालीने चालव." मी गाडी हलवली. लेक हातभर अंतर राखून शेजारून टाळ्या वाजवत चालली आणि बाबा रेघेकडे बघत मोजत चालले.

चाकाचा एक फेरा, चार टाळ्या. पुन्हा एक फेरा, पुन्हा चार.

"चाकाचं बेअरिंग असतं तर फेऱ्याच्या हिशेबात एक टाळी पडली असती," बाबा म्हणाले. "चाकाच्या चौपट काय फिरतं? प्रोपेलर शाफ्ट." मग मला थोडा वेग घेऊन न्यूट्रल करायला लावलं. इंजिन मंदावलं, तरी टाळ्या पडतच राहिल्या. म्हणजे इंजिन नाही. ब्रेक हलका दाबला, फरक नाही. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, फरक नाही. रिव्हर्समधून पहिल्यात टाकली तेव्हा खालून 'टक्' झालं. "क्रॉस गेलाय," बाबा म्हणाले.

गुडघ्यांमुळे त्यांना खाली वाकता येत नाही. ते घडीच्या खुर्चीत बसले आणि मी चाकांना पुढून-मागून दगड लावून, गिअर काढून गाडीखाली शिरलो. शाफ्ट एका हाताने आणि मागच्या हौजिंगचा फ्लँज दुसऱ्या हाताने धरून उलटसुलट पिळला. सांध्यात स्पष्ट ढिलाई होती आणि क्रॉसच्या टोपीभोवती तांबडी पूड साचलेली. मी चिमूटभर बाहेर आणून दाखवली. "तांबेरा," ते म्हणाले. "आतल्या सुया झिजून पीठ झालंय. पाण्यात घातली होतीस?"

घातली होती. डिसेंबरात दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर वरून कोरड्या दिसणाऱ्या सबख्यात रुतलो होतो. खाली सगळा खारट चिखल. घरी येऊन जोरदार पाण्याने धुतली. उरलंसुरलं ग्रीसही गेलं. ग्रीस भरायचं निपल तिथेच होतं, पण चार वर्षांत त्याला गन कुणी लावली नव्हती. मीही नाही.

"पोरांना बसवून या शाफ्टवर हायवेला जायचं नाही," बाबा म्हणाले. ऐन वेगात क्रॉस तुटला तर शाफ्ट खाली आपटतो. मग त्यांनी सांगितलं ते मला स्वप्नातही सुचलं नसतं: मागचा शाफ्टच काढ, फोर व्हील टाक आणि पुढच्या चाकांवर घरी चल. एरवी आमच्यासारख्या गाडीत डांबरावर फोर व्हील टाकू नये. पुढच्या-मागच्या चाकांत ओढाताण होते. पण मागचा शाफ्टच नसला तर ओढाताण कसली? काढण्याआधी दोन्ही टोकांच्या फ्लँजवर नेलपॉलिशच्या खुणा करून घेतल्या, म्हणजे होता तसाच परत बसेल. आठ नट निघाले. शाफ्ट तंबूच्या सतरंजीत गुंडाळला आणि मुलांना दुसऱ्यांच्या गाडीत बसवून आम्ही पन्नासच्या वेगाने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सलमाबादमधल्या एका वयस्कर पेशावरी मिस्त्रीकडे शाफ्ट नेला. नेलपॉलिश बघून तो हसला, मग बाबांना खुर्ची दिली. दोघं तासभर मोठमोठ्याने हिंदीत बोलत होते. कुणालाच आवाज कमी करायचा नव्हता. क्रॉस आणि मजुरी मिळून अठरा दिनार झाले.

पुढच्या शुक्रवारी आम्ही 'ट्री ऑफ लाइफ' बघायला गेलो. ओसाड वाळूत सुमारे चारशे वर्षं उभं असलेलं एकटं झाड. बाबांनी पानं निरखली आणि म्हणाले, "अरे, ही तर आपली शमी!" खरंच, तीच जात. दसऱ्याला कार्यशाळेत पाने-हातोड्यांची पूजा व्हायची, ते सगळं त्यांनी लेकीला सांगितलं. पांडवांनी शमीवर शस्त्रं लपवली होती तेही. ती त्यांच्या कानाशी तोंड नेऊन प्रश्न विचारत होती. परतीच्या वाटेवर मी श्रवणयंत्राचा विषय काढला. "डबीत सेल नाहीत. तुम्ही कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले.

सेल त्याच संध्याकाळी आणले. तंबूंचे दिवस आता पुन्हा येताहेत. सखीरला निघण्याआधी गाडीखाली एकदा डोकवा, क्रॉसला ग्रीस आहे का बघा. आणि घरात खिडकीशी कुणी गप्प बसलं असेल, तर तिथेही एकदा विचारून बघा.