सबतांग : वादळवाटेवरचे बेट

फिलिपाइन्सच्या अगदी उत्तरेस, बटानेस द्वीपसमूहात सबतांग हे चिमुकले नगर वसले आहे. बाटान बेटावरून तेथे जावयाचे ते ‘फालोवा’ नावाच्या होडीने. समुद्र खवळला की जाणे राहिलेच! वादळांच्या या वाटेवर इवातान लोक दगडचुन्याच्या जाड भिंती उभारून त्यांवर गवत शाकारतात. चुन्याचे हे बांधकाम स्पॅनिश अमदानीत आले. परंतु त्याच अमदानीची एक कडू आठवणही बेटाला आहे. १७९१ साली बंड करणाऱ्या अमान दांगातला फाशी झाली आणि बेटावरील रहिवाशांना पलीकडे इवाना येथे हलविण्यात आले. अनेक वर्षांनी ते परतले. चावायान गावी बायका शिंदीच्या जातीच्या झाडापासून ‘वाकुल’ हे शिरस्त्राण करतात. ऊन-पाऊस दोन्ही अडविणारे हे आपल्या इरल्याचेच भावंड म्हणावे.