तांब्याची तार आणि माशाचं रीळ

दौंड, ९ नोव्हेंबर

दिवाळीला आलेला भाचा आज दुकानात येऊन बसला. तो अमेरिकेत मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्सला असतो. सुटी मिळाली की मस्केगॉनला जातो आणि मित्राच्या बोटीतून मिशिगन सरोवरात मासे धरतो. पिशवीतून त्याने मुठीत न मावणारं रीळ काढलं, सोबत ३०० फूट तांब्याच्या तारेचा बॉबिन. "मामा, तुम्ही आयुष्यभर मोटरी भरल्यात, हे एवढं भरून द्या. मी भरलं की तार खालच्या थरात घुसते, वळ पडतो आणि तुटते."

तार हातात घेऊन बघितली. वर एनॅमल नाही, उघडं तांबं. सात बारीक तारा पिळून एक केलेली. मासे धरायला तांबं वापरतात हे मला नवं. त्याने कारण सांगितलं. उन्हाळ्यात सरोवराचं वरचं पाणी तापतं आणि सामन मासा थंड पाण्यासाठी खाली जातो. नायलॉनची दोरी वरच राहते. तांब्याची तार स्वतःच्याच वजनाने बुडते. १०० फूट तार सोडून बोट हळू चालवली की आमिष साधारण २० फूट खाली जातं. वेग वाढवला की वर येतं. आणि तांबं ताणलं जात नाही, त्यामुळे माशाने नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं. सरोवर सगळ्यात खोल जागी २८१ मीटर आहे म्हणाला.

१० नोव्हेंबर

रब्बीची घाई. कानगावची साडेसात एचपीची मोटर जळून आली. एक फेज गेला, मोटर दोन फेजवर घुरघुरत राहिली, शेतकरी वस्तीवर. रिळाला हात लावायला वेळ नाही.

१२ नोव्हेंबर

रीळ उघडून नीट पाहिलं. त्याच्यावर काउंटर आहे, आमच्या वाइंडिंग मशीनसारखाच. पण तो फेरे मोजतो आणि फूट दाखवतो, म्हणजे रीळ काठोकाठ भरलेलं आहे असं धरून चालतो. रीळ अर्धं असेल तर एका फेऱ्यात कमी तार जाते आणि आकडा खोटा पडतो. ४० फुटांवर आमिष हवं असताना ते ३० वर फिरत असेल तर दिवस वाया.

म्हणून तारेखाली, तळाशी विणलेल्या (ब्रेड) दोरीचा भरणा नेमका किती, हे आधी काढायला हवं. त्यासाठी उलटं काम केलं: रिळात आधी तार भरली, तिच्यावर काठापासून थोडी जागा सोडून भरणा भरला, तिथे कापला. मग सगळं दोन रिकाम्या बॉबिनवर उतरवून घेतलं. आता आधी भरणा, वर तार. माप चुकायला जागा नाही. भाच्याला हे पटायला वेळ लागला, पण डोळ्यांनी पाहिल्यावर गप्प झाला.

१३ नोव्हेंबर

सकाळी शटर अर्धं ठेवून बसलो, गिऱ्हाईक मध्ये येऊ नये म्हणून.

सगळा घोळ कुठे होतो ते पहिल्या दहा फेऱ्यांतच कळलं. भाचा बॉबिन जमिनीवर आडवा टाकून त्याच्या तोंडावरून तार ओढायचा. तशी ओढली की प्रत्येक वेढ्याला तारेत एक पीळ चढतो. पीळ साठत जातो आणि ताण सुटला रे सुटला की तिथे आढी पडते. आढी पडलेली तार सरळ केली तरी ती जागा मेली. मासा जोर लावेल तेव्हा तिथेच तुटणार. बॉबिन नेहमी सळईवर फिरता हवा. तार फिरत्या बॉबिनवरून सुटली की पीळ चढतच नाही. सबमर्सिबलच्या पॉली तारेलाही हाच नियम.

बॉबिनला मागून फेल्टचा हलका ब्रेक लावला, नाहीतर हात थांबला तरी बॉबिन फिरत राहतो आणि वेटोळी उसळून बाहेर येतात. गाठ अशी: तारेचं टोक दुमडून फासा, त्यातून ब्रेड आत, दहा-बारा वेढे शेजारी शेजारी, मग ज्या बाजूने आत गेला त्याच बाजूने फाशातून बाहेर. ओलं करून हळू ओढायचं.

मग भरायला घेतलं. भाच्याने हँडल फिरवायचं, तार माझ्या अंगठ्याखाली, दुमडलेल्या फेल्टमधून. ताण एकसारखा हवा. खालचा थर सैल आणि वरचा घट्ट झाला, तर मोठा मासा ओढेल तेव्हा वरची तार खालच्यात सुरीसारखी उतरते. अंगठ्याला ऊब जाणवत राहिली पाहिजे. चटका बसला तर ताण जास्त, गार वाटलं तर कमी. हे मला माझ्या उस्तादांनी बोलून सांगितलं नव्हतं. त्यांनी माझा अंगठा स्वतःच्या अंगठ्याखाली धरला होता. आज मी भाच्याचा धरला.

१४ नोव्हेंबर

मोकळ्या मैदानावर लिंबाच्या झाडाला टोक बांधून सगळी तार सोडली आणि ओढ देत परत भरली. एकही वेढा दबला नाही. काउंटर ३०० वरून शून्यावर आला. पोरं गोळा झाली, इथे कुठला मासा म्हणून विचारत होती.

१६ नोव्हेंबर

भाच्याला घेऊन भिगवणला मासळी बाजारात गेलो. रोहू, कटला, चिलापी. चिलापी मूळची आफ्रिकेतली. उजनी धरणात आता तिचंच राज्य. तो म्हणाला, तिकडचा सामनही असाच आणलेला. पॅसिफिक किनाऱ्याचा मासा. सरोवरात समुद्रातून आलेल्या एलवाइफ माशांचा सुळसुळाट झाला होता, म्हणून ते खायला हॉवर्ड टॅनर नावाच्या अधिकाऱ्याने १९६६ साली कोहो आणि पुढच्या वर्षी चिनूक सामन सोडला. धरण असो की सरोवर, माणसाने बीज सोडलं आणि त्यावर गावं जगू लागली. उजनीत बोटुकलीच्या वयातली पिल्लं बारीक जाळ्याने उपसणाऱ्यांना हे कोण सांगणार? बीज मोठंच होऊ दिलं नाही तर भिगवणच्या बाजारात काय येणार?

कुंभारगावला काठावर एक चित्रबलाक लंगडताना दिसला. पायाला तंगूस गुंडाळलेला. कुणीतरी गळ तुटल्यावर दोरी तिथेच टाकली असणार. जवळ जाऊ लागलो तसा तो उडाला, दोरी लोंबत राहिली. नायलॉन कुजत नाही. ही एक गोष्ट गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

२१ जुलै

पुण्याच्या धरणांतून पाणी सुटलं आहे, भीमा फुगली आहे. सोलापूरकरांचं सगळं लक्ष उजनीत जाणाऱ्या दौंडच्या विसर्गाकडे.

भाच्याचा फोन आला. २०० फूट तारेवर चिनूक लागला, दोनदा तार ओढून नेली, तरी रीळ अडलं नाही. आता त्याच्या मित्राचं रीळ पाठवतो म्हणतो. मी म्हटलं, पाठवू नकोस, तुझा अंगठा तयार आहे, तूच भर.

नानवीज, सोनवडी, गारची पोरंही आता नायलॉनची रिळं घेऊन येतात. भरून देतो, पैसे घेत नाही. दुकानाच्या दारात पत्र्याचा एक डबा ठेवला आहे. नदीवर तुटलेला, गुंता झालेला तंगूस काठावर टाकू नका. खिशात घाला आणि या डब्यात आणून टाका. दुसऱ्याने टाकलेला दिसला तर तोही आणा.