मागचं आधी

वारीतला एक फोटो दर आषाढात सगळ्यांकडे असतो. सुरकुतलेला चेहरा, कपाळावर गोपीचंदनाचा टिळा आणि बुक्का, पांढरी टोपी, आणि मागे सगळं लोण्यासारखं वितळलेलं. चेहरा सुंदर असतो, त्यात वाद नाही. पण ते आजोबा दिवेघाटात आहेत, लोणंदला आहेत की स्वतःच्या अंगणात, हे काही कळत नाही. महागडी लेन्स घेऊन पंढरीच्या वाटेवर जायचं आणि वाटच पुसून टाकायची, हे मला कधी उमगलेलं नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर फोटो मागच्या बाजूला ठरतो. मी आधी मागचं शोधतो. ते सापडलं की तिथेच थांबतो. वारीत माणसं काय, येतच असतात.

आंरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ सालचा पॅरिसमधला फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. साँ-लाझार स्टेशनच्या मागे साचलेलं पाणी आणि त्यावरून उडी मारणारा माणूस. टाच पाण्याला टेकायच्या आतला तो क्षण, असं त्याचं कौतुक होतं. माझी नजर मात्र मागच्या भिंतीवर जाते. तिथे चिकटवलेल्या पोस्टरवर एक नर्तकी झेपावते आहे, तीही उलट्या दिशेला. ती नसती तर तो नुसताच घाईतला माणूस उरला असता. गंमत म्हणजे क्रॉपिंगचा तिटकारा असलेल्या या माणसाने नेमका हाच फोटो कापला. लेन्स कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून रोखलेली होती आणि डावीकडे फळी आली होती.

मागचं दिसायला हवं तर तंत्र साधं आहे. आषाढातलं ढगाळ आभाळ त्याला फार सोयीचं. ऊन असलं की टोपीखाली डोळ्यांच्या जागी नुसते काळे खड्डे येतात. ढगात उजेड चारी बाजूंनी सारखा पडतो. आयएसओ ४००, एफ ८ आणि १/२५० एवढ्यात बहुतेक काम भागतं. फुल फ्रेमवर ३५ एमएमची लेन्स तीन मीटरवर फोकस करून ठेवली, की साधारण दोनपासून सात मीटरपर्यंतचं सगळं स्वच्छ येतं. फोकस शोधत बसायला नको. डोळा कडांवर फिरायला मोकळा.

आणि कडांवर फार काही चाललेलं असतं. कुणाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला, पताकेची काठी कानात शिरलेली, दोन माणसं चिकटून चार हातांचा एकच प्राणी झालेला. यावर उपाय अर्ध्या पावलाचा. डावीकडे सरका, किंवा गुडघ्यात वाका. कॅमेरा हातभर खाली आला की मागची गर्दी खांद्यांखाली जाते आणि डोक्यामागे आभाळ येतं. झूम फिरवून हे होत नाही, पाय हलवावे लागतात.

एका मुक्कामी सकाळी दिंडीच्या ट्रकला आरसा टेकवलेला दिसला. मागे दोरीवर ओली नऊवारी लुगडी, आणि दोन लुगड्यांच्या मधल्या फटीत तीन दगडांची चूल. मी जागा धरून उभा राहिलो. शेजारच्या आजींना माझी कीव आली असावी. ‘‘माउली, हितं काय बघताय? पालखी फुडं गेली की!’’ मी म्हटलं, ‘‘हो आजी, निघतोच.’’ निघालो मात्र नाही. शेवटी एक वारकरी आरशासमोर टिळा लावायला आले, आणि त्याच वेळी फटीतल्या बाईंच्या तळव्यांवर भाकरी होती.

तो फोटो आजही माझ्याकडे आहे. उजव्या कोपऱ्यात पाण्याच्या टँकरची हिरवी नळी आली आहे, ती खुपते. कापली तर भाकरीवाल्या बाईंचं कोपर जातं, म्हणून राहू दिली आहे.