हातचा न घेणारी

12345678987654321. नीट बघून घ्या हिला. एकापासून नवापर्यंत पायरी न चुकवता चढते आणि आली तशीच उतरते. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, बाईंचा रुबाब तोच. सतरा आकडी असल्याचा तिला फारसा गर्व नाही. गर्व आहे तो एवढाच, की जन्मताना तिने हातचा घेतला नाही.

घराणं तसं साधं. एकचा आकडा नऊ वेळा मांडा आणि 111111111 ला 111111111 नेच गुणा. रनाळ्याच्या फलाटावर पॅसेंजरची वाट बघताना वहीच्या एका पानावर होण्यासारखं काम आहे. सारख्याच नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज करत चला: पहिल्या रकान्यात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मधल्यात बरोबर नऊ, मग उतरण. कुठेच दहा होत नाहीत, म्हणून हातचा नाही.

पण स्वभाव हट्टी. दोन्हीकडे आणखी एकेक 1 वाढवून बघा. मधल्या रकान्यात दहा भरतात, हातचा घरात शिरतो आणि उत्तर येतं 1234567900987654321. चढणीवरचा 8 बेपत्ता, शिखरावर दोन शून्यं!

तिच्या कुळाला नाव दिलं कापरेकर मास्तरांनी. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म 1905, डहाणूचा. 1930 ते 1962 देवळालीला शाळेत शिक्षक. जी.आय.पी. रेल्वेवरच्या डेमलो स्टेशनात, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, त्यांना या संख्या सुचल्या, म्हणून त्या 'डेमलो संख्या'. कुळाचार असा, की मधला भाग सोडून दोन्ही टोकांची बेरीज केली की मधलाच आकडा सगळीकडे उमटला पाहिजे. हिचा 9 बाजूला ठेवा. 12345678 अधिक 87654321 म्हणजे 99999999. इथेही हातचा नाही, बघितलंत?

मास्तरांच्या या कामाकडे आपल्याकडच्या अनेक विद्वानांनी निव्वळ छंद म्हणून पाहिलं. 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष देवळालीकडे गेलं. इतका उशीर व्हायला नको होता.

हिची थोरली बहीण मात्र फार जुनी. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त 12345654321 मांडली होती. ती 111111 चा वर्ग. हारासारख्या दिसणाऱ्या अशा संख्यांचं त्यांना मोठं कौतुक.

आता थोडं घरातलं. हिच्या आकड्यांची बेरीज 81, आणि 81 ने हिला निःशेष भाग जातो. स्वतःच्या आकड्यांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना मास्तरांनी 'हर्षद' म्हटलं, म्हणजे आमच्या बाई हर्षदही आहेत. भागाकार येतो 152415789971041, आणि तोही पूर्ण वर्ग, 12345679 चा.

हा आकडा पुन्हा वाचा. सातानंतर थेट नऊ. आठाचं आणि या घराचं काय बिनसलंय कोण जाणे! 37 ला 333667 ने गुणलं, तरी तोच आठ नसलेला 12345679 हाती येतो.