मान सरळ ठेव!

आमच्या अल्बममध्ये माझा सरळ मानेचा एकही फोटो नाही. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या फोटोतसुद्धा पांढरा फ्रॉक, हातात मेणबत्ती आणि मान डाव्या खांद्याकडे कललेली. फोटोग्राफरने तीनदा सरळ केली होती म्हणे. शाळेत टीचर म्हणायच्या, "नखरे पुरे!" कॉयरमध्ये मला मागच्या रांगेत उभं करायचे. पप्पा तर जेवतानाही माझी हनुवटी बोटाने सरळ करायचे.

गेल्या सेमिस्टरला रात्री वाचताना ओळीवर ओळ चढू लागली. एकाच शब्दाचे दोन. एक वर, एक खाली. वाटलं, चष्मा लागला. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासता तपासता विचारलं, "लहानपणीचे फोटो आहेत?" दुसऱ्या दिवशी पप्पा अख्खा अल्बमच घेऊन आले.

फोटो बघून डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. प्रत्येक डोळा सहा स्नायू फिरवतात. चार सरळ, दोन तिरके. त्यातला वरचा तिरका स्नायू खोबणीच्या मागून पुढे येतो, नाकाजवळच्या कूर्चेच्या कप्पीतून वळतो आणि मागे जाऊन डोळ्याला जोडला जातो. विहिरीच्या कप्पीवरून दोर वळावा तसा. हा दोर काहींचा जन्मतःच सैल असतो, काहींचा भलत्याच जागी जोडलेला, तर एखाद्याला तो नसतोच. माझा उजवा सैल असावा, असं ते म्हणाले. म्हणून तो डोळा किंचित वर सरकतो आणि एकाचे दोन दिसतात. मान डावीकडे कलली की दोन्ही चित्रं जुळतात. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या मानेनेच ते शोधून काढलं.

बाहेर आल्यावर पप्पा म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं मी तुला दोन-दोन बघायला लावत होतो?" मी हसले, कारण त्यांना रडू येणार होतं. त्या रात्री जेवताना त्यांचं बोट सवयीने पुढे आलं आणि मध्येच थांबून लोणच्याच्या बरणीकडे वळलं.

सध्या चष्म्यात प्रिझम आहे. ऑपरेशनचं परीक्षेनंतर ठरवायचं. भीती वाटते, आणि खरं सांगू? सरळ मानेची मी कशी दिसेन, हेही मला माहीत नाही.

तोवर एकच सांगते. वर्गात कुणाची मान अशी कललेली दिसली, तर "सरळ ठेव" म्हणण्याआधी विचारा, "तुला दोन-दोन दिसतं का गं?"