उतरायचं कुठे?

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. लंडनला लेकीकडे गेले होते. लेक-जावई दोघंही नोकरीवाले. शनिवार-रविवार त्यांनी मला हौसेनं फिरवलं, पण सोमवारी घरात मी आणि खिडकीतून दिसणारं एक झाड! संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, उद्या तुला हॉप ऑन हॉप ऑफ बसचं तिकीट काढून देते. वरचा मजला उघडा असतो. चोवीस तास चालतं. वाटेल तिथे उतरायचं, बघायचं आणि मागून येणाऱ्या त्याच कंपनीच्या बसमध्ये परत चढायचं."

मी विचारलं, "अगं, पण उतरायचं कुठे?"

"तुला वाटेल तिथे!"

आता गंमत बघा. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेची सहल मुख्याध्यापक ठरवायचे, घरची सहल हे ठरवायचे. अष्टविनायकाला गेलो तर यात्रा कंपनीचा माणूस शिट्टी वाजवायचा, की आम्ही उतरायचो. पुन्हा शिट्टी, की चढायचो. तक्रार नव्हती हो. उलट बरंच वाटायचं, डोक्याला ताप नाही.

तर मंगळवारी ऑफिसला जाता जाता लेकीनं मला ट्रॅफल्गार स्क्वेअरला बसमध्ये बसवून दिलं. गुडघ्यावर हात ठेवून जिना चढले, पुढची जागा मिळाली. कानाला माहिती सांगणारं यंत्र लावलं आणि बत्तीस वर्षं फळ्यावर शिकवलेला इतिहास समोरून सरकायला लागला. १६६६ च्या आगीनंतर क्रिस्टोफर रेननं नव्यानं उभारलेलं सेंट पॉल्स. ती आग जिथे लागली त्या पुडिंग लेनजवळचा २०२ फुटी स्तंभ. मग टॉवर ऑफ लंडन. "१८४९ साली इंग्रजांनी पंजाब खालसा केला. दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून कोहिनूर घेतला," हे वाक्य मी किती तुकड्यांना सांगितलं असेल! तो हिरा त्या भिंतींच्या आत होता. पार्लमेंट स्क्वेअरला २०१५ मध्ये बसवलेला गांधीजींचा पुतळा दिसला, बसमधूनच हात जोडले.

अडीच-तीन तासांत फेरी पूर्ण झाली आणि बस पुन्हा ट्रॅफल्गारला उभी राहिली. मी कुठेही उतरले नव्हते! प्रत्येक थांब्यावर वाटे, पुढची बस आली नाही तर? माझं इंग्रजी कुणाला कळलं नाही तर? खरं कारण निराळंच होतं. शिट्टी वाजली नव्हती.

स्वतःचाच राग आला. डबा उघडून दोन थेपले खाल्ले आणि तशीच बसून राहिले. दुसऱ्या फेरीत ठरवून पार्लमेंट स्क्वेअरला उतरले. बस निघून गेली तेव्हा छातीत धस्स झालं, खोटं कशाला सांगू?

गांधीजींना जवळून नमस्कार केला. चर्चिलसाहेब त्याच चौकात उभे, बघून हसू आलं. आणि मग बसमधून न दिसलेला एक पुतळा दिसला. हातात फलक धरलेली बाई, मिलिसेंट फॉसेट. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून आयुष्यभर झटलेली. तो पुतळा २०१८ मध्ये बसवला, त्या चौकातला बाईचा पहिलाच. चौथऱ्याभोवती या चळवळीतल्या लोकांचे चेहरे आणि नावं कोरलेली. चष्मा पुसून एकेक वाचत गेले आणि एका नावाशी थबकले. सोफिया दुलीपसिंग!

दुलीपसिंग? आपले कोहिनूरवाले?

संध्याकाळी लेकीनं फोनवर शोधून वाचून दाखवलं. हो, त्यांचीच मुलगी, रणजितसिंगांची नात. राणी व्हिक्टोरिया तिची धर्ममाता. राजवाड्याच्या आवारातलं घर राहायला मिळालेलं, आणि ही बाई त्याच राजवाड्याच्या दाराशी उभी राहून चळवळीचं वर्तमानपत्र विकायची. मत नाही तर करही भरणार नाही म्हणाली, म्हणून १९११ मध्ये तिची हिऱ्यांची अंगठी जप्त झाली. लिलावात एका साथीदार बाईनं ती विकत घेऊन तिला परत केली. ब्रिटनमध्ये सगळ्या बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळालं ते १९२८ मध्ये.

बत्तीस वर्षं मी वर्गात बापाचा हिरा शिकवला. लेकीच्या अंगठीचं नावही मला ठाऊक नव्हतं.

रात्री झोप येईना. आपल्याकडे राज्यघटनेनं पहिल्या निवडणुकीपासून बायकांना मत दिलं, कुणाची अंगठी जप्त न होता माझ्या पदरात पडलं. त्याचं मी काय केलं? मतदान एकदाही चुकवलं नाही. पण प्रत्येक वेळी निघताना चप्पल घालता घालता ह्यांना विचारायचे, "कुणाला द्यायचं?" हे सांगायचे. भांडण नाही, जबरदस्ती नाही. मी विचारायचे, हे सांगायचे. चार वर्षांपूर्वी हे गेले. लंडनला निघण्याआधी मे महिन्यात लोकसभेचं मतदान झालं, हे गेल्यावरचं पहिलं. तेव्हा मी पुतण्याला फोन केला होता. शिट्टीसाठी.

बुधवारी सकाळी तिकिटाचे दोन-तीन तास शिल्लक होते. लेक म्हणाली, "आज राहू दे, पाऊस आहे." मी छत्री घेतली आणि गेले. तीनदा उतरले. एकदा तर नुसतीच थेम्सच्या काठावर बाकावर बसायला.

परत पुण्याला आले. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. आदल्या आठवड्यात रोज सकाळी पेपर उघडून उमेदवारांचं वाचत बसले, शाळेत पेपर तपासायचे तशी. पुतण्याचाच फोन आला, "काकू, कुणाला द्यायचं ते सांगू का?"

म्हटलं, "नको रे. माझं ठरलंय."

कुणाला दिलं? ते मात्र तुम्हालाही सांगणार नाही!